तिरपी रेघ

बेकरीच्या पावतीची पाठ कोरी होती, म्हणून गजघाटेबाबूंनी तिच्यावर मुलाचा फायदा मांडला. महिन्याला आठशे चाळीस युरो जास्त. गुणिले बारा. अश्वजित आता त्रेचाळीसचा, इथे माणूस सदुसष्टला निवृत्त होतो, म्हणजे गुणिले चोवीस. युरोचा भाव त्यांनी सकाळीच फोनवर पाहून ठेवला होता, सत्त्याण्णव रुपये. उत्तर आलं दोन कोटी चौतीस लाख सहासष्ट हजार दोनशे चाळीस. त्यांनी ते आकड्यांत लिहिलं, खाली अक्षरी लिहिलं, शेवटी 'फक्त' घातलं आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढली.

रेघेची सवय अडतीस वर्षांची. भंडाऱ्याच्या बँकेतून हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कोरी जागा बघवत नाही. मागून कुणी येऊन तिथे आकडा घुसवील, ही धास्ती. सून हर्षाच्या किराणा यादीखाली ते रेघ ओढत, नात धम्मदीपाच्या चित्राखाली ओढत. जर्मनीत नेकारसुल्मला मुलाकडे येऊन त्यांना अकरा दिवस झाले होते आणि फ्रिजवरच्या तीन कागदांवर तीन तिरप्या रेघा लागल्या होत्या.

"कोणाचे हो एवढे?" समोर पांढऱ्या शतावरीचे दांडे शेवग्यासारखे सोलत बसलेल्या कमलाबाईंनी विचारलं.

"तुझ्या पोराचे."

"हातात आले?"

"येतील."

"मग आताच काऊन रेघ मारली? येऊ तर द्या."

टेबलावर वीसेक पानांचा एक फॉर्म पडला होता. अश्वजितची कंपनी गाड्यांच्या गिअरबॉक्ससाठी सेन्सर बनवायची. ते गिअरबॉक्स आता फारसे कुणाला नको होते, म्हणून डिसेंबरअखेर तो विभाग बंद होणार होता. कंपनीने लष्कराच्या वाहनांचं काम घेतलं होतं. त्यासाठी कुंपणापलीकडे नवी इमारत उभी राहिली होती, आणि तिच्या दारातून आत जायला सरकारची मंजुरी लागणार होती. माणसाची, त्याच्या बायकोची, पैशाअडक्याची सगळी चौकशी करून सरकार सांगणार, याच्यापुढे गुपित ठेवायला हरकत नाही. विभागात माणसं एकशे वीस, पलीकडे जागा अठरा. अश्वजितचं नाव साहेबाने स्वतःहून सुचवलं होतं. ज्यांना मंजुरी मिळणार नाही त्यांना डिसेंबरात हिशेब देऊन निरोप. घराच्या कर्जाचे हप्ते अजून एकोणीस वर्षं होते.

बाबूंना अशा चौकशीचं नवल नव्हतं. त्यांची स्वतःची १९७६ साली झाली होती. हवालदार वस्तीच्या तोंडाशी सायकल टेकवून उभा राहिला. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. रस्त्यावरूनच दोन-चार जणांना विचारून त्याने कागदावर लिहिलं, 'चारित्र्य उत्तम'. वस्तीतली पहिली बँकेची नोकरी त्या दोन शब्दांवर लागली. तो कागद बाबूंनी लॅमिनेट करून ठेवला होता.

"इथला चौकशीवाला घरात येईल," ते म्हणाले. "बसून कॉफी पिईल."

फॉर्म भरायला अश्वजित वेळ लावत होता, एवढंच त्यांना खटकत होतं. हे दोघं आल्यापासून पोरगा जरा गप्पच होता. मागच्या आठवड्यात ऑफिसमधून एकदा त्याचा फोन आला होता, बाबा, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. बाबूंनी चष्मा लावून सहा आकडे दोनदा वाचून दाखवले. कशाचा, ते विचारलं नाही. भंडाऱ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर 'ओटीपी कुणालाही देऊ नये' या विषयावर भाषण करणारा हा माणूस. पण मुलगा म्हणजे काही कुणी 'कुणीही' नव्हे.

शनिवारी जेवणं झाल्यावर हर्षा धम्मदीपाला घेऊन बागेत गेली. अश्वजितने टेबल पुसलं, ते आधीच स्वच्छ होतं, आणि दोन पत्रं बापापुढे ठेवली.

"बाबा, ते अडतीस लाख कोणाचे?"

बाबूंनी आधी पत्रांवरचे शिक्के बघितले. मग मुलाकडे.

गोष्ट साधी होती. भंडाऱ्याच्या बँकेने वर्षभरापूर्वी खातेदारांची माहिती नव्याने मागवली. मुदत ठेवींवर पहिलं नाव अश्वजितचं, म्हणून त्याने आपला जर्मनीतला पत्ता आणि कराचा नंबर सरळ भरून दिला. बँकेने आपल्या सरकारला कळवलं, त्या सरकारने या सरकारला. दोन देश एकमेकांना असं लिहितात हे बाबूंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या वेळी एका शाखेचं पत्र दुसऱ्या शाखेला पोचत नसे. आता इथलं फिनान्सआम्ट, म्हणजे कराचं ऑफिस, विचारत होतं की मागची सात वर्षं हे व्याज तुम्ही का दाखवलं नाही.

"तुझेच की," बाबू म्हणाले. "पहिलं नाव कोणाचं आहे?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, नाव माझं आहे. पैसे कोणाचे?"

"बापाचे पैसे पोराचेच असतात."

"इथे नसतात, बाबा."

मग तो सावकाश समजावत गेला. कराचा सल्ला देणाऱ्या एक बाई होत्या, फ्राउ कीन्झ्ले, त्यांच्याकडे तो दोनदा जाऊन आला होता. त्यांचं म्हणणं असं, की पैशांच्या खऱ्या मालकाने पत्र लिहून द्यावं. पैसे माझे, निवृत्तीचे, मुलाचं नाव मी घातलं, व्याज मीच वापरलं. शिवाय त्या व्याजावर भारतात कर भरला की नाही, भरला नसेल तर का नाही, तेही. सोबत कागद. तसं झालं तर इथलं प्रकरण बहुधा मिटेल. नाही तर पैसे अश्वजितचे ठरतील. ऑफिसने आधी विचारल्यामुळे आपण होऊन सांगितल्याची सवलत गेलीच होती, म्हणजे कर तर भरावा लागेलच, वर चौकशी लागेल. आणि मंजुरीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, आपल्यावर कुठली चौकशी चालू आहे का.

"तिथे हो लिहिलं की फाइल बाजूला," अश्वजित म्हणाला. "नाही लिहून पकडलो, तर आणखी वाईट."

"ते भारतातल्या कराचं पण लिहायचं?"

"तेच मुख्य आहे. ते नसलं तर त्यांना वाटेल, बापलेकांनी आत्ता बसून जुळवलं. तिकडे दंड भरून मिटतं, मी विचारून ठेवलंय." तो टेबलावरचा एक न दिसणारा डाग नखाने खरवडत होता. "जे असेल ते, तुमच्या शब्दांत. महिनाअखेरपर्यंत."

२०१४ साली बाबू निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटी, फंड, रजेचे पैसे आणि एका जुन्या प्लॉटचे, असे मिळून अडतीस लाख एकत्र आले. ते मुदत ठेवीत टाकताना त्यांनी पहिलं नाव अश्वजितचं घातलं, दुसरं स्वतःचं. अश्वजित सुट्टीवर आलेला होता. काउंटरवर उभ्या उभ्या, गाडीच्या वेळेकडे लक्ष ठेवून, बाबूंनी दाखवलं तिथे त्याने सात सह्या केल्या. नातेवाइकांत बाबू सांगत, "आमच्या बापाने आम्हाला आडनाव दिलं, मी पोराला पहिलं नाव दिलं." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा सांगितलं की त्यांना ते खरं वाटू लागलं. खरं होतंही, निम्मं. उरलेलं निम्मं असं, की ठेव स्वतःच्या नावावर असती तर पेन्शनमध्ये व्याज मिळून वर्षाला एकेचाळीस हजार कर बसला असता. पोराचं भारतात उत्पन्नच नाही, त्याच्या नावावर काही बसत नव्हतं. बँकेतला सगळा स्टाफ हेच करायचा. कुणी मुलाच्या नावे, कुणी सुनेच्या, एकाने तर दोन वर्षांच्या नातवाच्या. व्याज दर तिमाहीला बाबूंच्याच पेन्शनच्या खात्यात येई. भंडाऱ्याचं घर त्यावर चाले, कमलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यातून झालं, विहाराच्या नव्या पत्र्यांना वर्गणी त्यातून गेली.

सगळ्यांनी केलं आणि सगळे सुखात राहिले. पण सगळ्यांसारखं असण्याची चैन बाबूंना कधी नव्हती. कॅशच्या पिंजऱ्यात बसलेल्या या माणसावर अडतीस वर्षं बारा डोळे लागलेले असत. कोट्यातून आलाय, एक दिवस हात मारेल, असं चहाच्या टपरीवर बोललं जाई, आणि बोलणारा त्यांना ऐकू जाईल इतपतच आवाज ठेवी. १९८३ साली एकदा शंभर रुपये कमी भरले, तेव्हा कुणी विचारायच्या आत त्यांनी खिशातून घातले. चार दिवसांनी कळलं, चूक शेजारच्या काउंटरची होती. पैसे त्यांनी परत मागितले नाहीत. निरोप समारंभात मॅनेजर म्हणाला, गजघाटेंच्या फाइलीत एक मेमो नाही. टाळ्या पडल्या. बाबूंनी त्या मोजल्या नसतील असं काही म्हणवत नाही.

त्या फाइलीत पहिला मेमो आता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घालायचा होता. आणि तो पहिल्यांदा वाचणार होता अश्वजित.

इंग्रजी पत्र लिहिण्यात बाबूंचा हात धरणारा भंडारा जिल्ह्यात कुणी नव्हता. पहिला मसुदा सोमवारी झाला. त्यात सगळं होतं, अगदी कर न भरल्याचं शेवटचं वाक्यही. ते वाक्य वाचल्यावर त्यांनी कागदाचे आठ तुकडे केले आणि ते कागदाच्या निळ्या डब्यात न टाकता खिशात घातले. दुसऱ्या मसुद्यात कर हा शब्दच नव्हता. तिसऱ्यात बँकेने दिलेल्या सेवापदकाची हकिगत आली आणि तिनेच पान भरलं.

रोज सकाळी हॉलमधल्या शेल्फपुढे, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो यांच्यासमोर, नवराबायको पंचशील म्हणत. त्या आठवड्यात, खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की बाबूंना खोकला येऊ लागला. पहिल्या दिवशी कमलाबाईंनी पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या जागच्या हलल्या नाहीत.

गुरुवारी दोघं द्राक्षमळ्याच्या वाटेवर फिरायला गेली. चढावरच्या बाकावर बसल्यावर कमलाबाई म्हणाल्या,

"लिहून द्या ना दोन ओळी."

"दोन ओळी म्हणतेस. त्या दोन ओळींत अडतीस वर्षं जातात."

"इथं कोण ओळखते तुम्हाला? तो टॅक्सवाला येणार आहे का आपल्या कट्ट्यावर?"

"अश्वजित वाचेल."

"पोरगा आहे तो तुमचा. ऑडिटर नाही."

बाबू उठले आणि बाकाखाली पडलेली प्लास्टिकची बाटली उचलून रुमालाने पुसू लागले. दुकानातल्या मशीनमध्ये घातली की तिचे पंचवीस सेंट येतात, हे त्यांना इथे आल्याच्या तिसऱ्याच दिवशी कळलं होतं.

"बाटलीचे पंचवीस पैसे सोडत नाही," कमलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाल्या, "आणि तिकडं दोन कोटी सोडून बसले."

तोड सापडली ती त्या मशीनपुढच्या रांगेत. माणसाला न लिहिण्याचं कारण हवं असलं की ते कुठेही सापडतं. बँकेत कर्जात बुडालेल्या माणसाकडे तिजोरीची किल्ली देत नसत, ही गोष्ट बाबूंना आठवली. गरजू माणूस फितवता येतो. मग ज्याच्या गाठीला स्वतःचे अडतीस लाख आहेत, त्याला कोण फितवणार? चौकशीवाल्यांना हवा असतो घरचा भरलेला, चांगल्या चालीचा माणूस. फ्राउ कीन्झ्ले कराचं बघणार, त्यांना एवढं लांबचं कुठून दिसायला? विचार इतका नेटका होता की बाबू रांगेत स्वतःशीच हसले. मागच्या म्हाताऱ्या बाईने हसून मान हलवली, तेव्हा ते तिला "गेनाऊ" म्हणाले. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ 'होय साहेब' असा होता.

मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांनी पत्र हातात दिलं. सुवाच्य, एकटाकी, एक पान. सदर रक्कम मी सन २०१४ मध्ये माझ्या मुलास प्रेमापोटी दिली असून ती संपूर्णपणे त्याची आहे, माझा तिच्यावर काहीही हक्क नाही. आमचं कुटुंब खाऊनपिऊन सुखी व निष्कलंक आहे. सोबत १९७६ च्या चारित्र्याच्या दाखल्याची प्रत.

अश्वजितने ते उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं. हर्षाने त्याच्या खांद्यावरून वाचलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग तो काढून घेतला आणि सिंकमधली दोन भांडी परत घासायला घेतली.

"बाबा, यात तुम्ही म्हणताय की पैसे माझे."

"तुझेच आहेत. कळू दे त्यांना, पोरगा उघड्यावरचा नाही. अशा माणसाला कोण विकत घेतो?"

"आणखी काही लिहायचंय का तुम्हाला?"

त्याचा आवाज फार मऊ होता. नळाचं पाणी थांबलं. बाबूंनी कागदाकडे पाहिलं. सहीच्या खाली चार बोटं जागा उरली होती, तिच्यावर त्यांनी आधीच रेघ ओढून टाकलेली होती.

"जागा नाही," ते म्हणाले.

"बरं," अश्वजित म्हणाला. त्याने पत्राची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि धम्मदीपाला पोहायच्या क्लासला सोडायला गेला. क्लासला अजून पाऊण तास होता.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. कुणी आवाज चढवला नाही. अश्वजितने कराच्या ऑफिसला लिहून दिलं की व्याज माझं, दाखवायचं राहिलं. तीन आठवड्यांत दोन पाकिटं आली, एकात कराची रक्कम आणि दुसऱ्यात चौकशी सुरू केल्याची सूचना. फॉर्मच्या त्या प्रश्नापुढे त्याने 'हो' वर खूण केली. कंपनीत ही कागदपत्रं सांभाळणारे ओट म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी त्याला बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि खेदाने सांगितलं की नाही असं कुणीच म्हणत नाही, फक्त चौकशी संपेपर्यंत फाइल थांबेल. ती कधी संपेल हे कुणाला सांगता येणार नव्हतं. अठरा जणांची यादी मात्र जूनअखेर पक्की व्हायची होती, आणि ती झाली. पुण्याचा एक पोरगा, चार वर्षांनी धाकटा, अश्वजितनेच कामाला लावलेला, त्याचं नाव सतरावं होतं. तो पेढे घेऊन घरी आला. बाबूंनी एक खाल्ला.

कराचा आकडा कळला त्या दिवशी बाबू म्हणाले होते, ठेव मोडतो.

"मोडू नका," अश्वजित म्हणाला. "मुदतीआधी मोडली तर एक टक्का कापतात. आणि तुमचं घर चालतं त्यावर."

त्याच दुपारी कमलाबाईंनी हातातल्या दोन बांगड्या काढून हर्षाच्या तळहातावर ठेवल्या. हर्षाने त्या परत त्यांच्या हातात चढवल्या. संध्याकाळी साखरेच्या डब्यात त्या हर्षाला सापडल्या, आणि या वेळी तिने त्या परत केल्या नाहीत.

हर्षा हाइलब्रॉनच्या एका लॅबमध्ये अर्धा दिवस काम करायची. जुलैपासून ती पूर्ण दिवस जाऊ लागली. सासऱ्यांना वाढायची तशीच वाढत होती. "बाबा, जेवायला चला," हे वाक्यही तेच होतं. फक्त दुसऱ्यांदा भात घेणार का, असं ती आता विचारत नसे. जुलैच्या मध्याला एक माणूस येऊन बूट न काढता सगळ्या खोल्यांचे फोटो काढून गेला. धम्मदीपाने त्याला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, तो हसला. कमलाबाईंनी नातीला विचारलं, काय विचारलंस गं? तिने आजीलाही जर्मनमध्येच सांगितलं. अश्वजितने मराठी करून दिलं, "बागेतला झोका घराबरोबर द्यायचा का, असं विचारतेय."

परतीच्या आदल्या दिवशी बाबू प्रवासाच्या विम्याचा कागद शोधत होते. घरात त्या वेळी ते एकटेच होते; कमलाबाई नातीला घेऊन खाली गेल्या होत्या. अश्वजितच्या कपाटात रुंद पाठीच्या फाइली ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर त्याच्या हातचं अक्षर. घर. गाडी. हर्षा. एकीवर होतं, 'बाबा'. बाबूंना बरं वाटलं. पोराचं फाइलिंग त्यांच्यासारखं होतं.

विम्याचा कागद वरच होता. त्याच्या खाली व्हिसाच्या प्रती, कमलाबाईंच्या गुडघ्याचे रिपोर्ट, आणि सगळ्यात तळाशी प्लास्टिकच्या पाकिटात टाचलेले काही कागद. बाबूंनी ते ओळखले. त्यांचीच सात वर्षांची आयकर रिटर्न होती, भारत सरकारच्या साइटवरून काढलेली. ठेवीच्या व्याजाच्या रकान्यात सातही वेळा शून्य होतं, आणि प्रत्येक शून्याभोवती पेन्सिलीने हलकं वर्तुळ. पानाच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख होती, नऊ मे. अश्वजितने टेबल पुसून तो प्रश्न विचारला त्याच्या आठ दिवस आधीची.

बाबू खुर्चीवर बसले. त्यांना तो सहा आकड्यांचा ओटीपी आठवला, आणि आपण तो दोनदा वाचून दाखवला हेही.

त्याच्या मागे आणखी एक पान होतं. टाइप केलेलं इंग्रजी पत्र, बाबूंच्या नावाने. ग्रॅच्युइटीचा आकडा बरोबर होता, फंडाचा बरोबर होता, प्लॉट विकल्याचं सालही बरोबर. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की या व्याजावरचा कर मी भरला नाही. माझ्या बँकेत सगळेच असं करत, मीही केलं. आता भरायला तयार आहे. माझ्या मुलाला याची कल्पना नव्हती. बाबूंनी ते तपासायच्या नजरेने वाचलं. एका रुपयाची चूक नव्हती. भाषा त्यांच्यापेक्षा साधी होती आणि तिच्यात कुठेही त्यांचा अपमान नव्हता. खाली एकतीस मे ही तारीख, सहीसाठी सोडलेली जागा, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची बारीक फुली.

हे पान त्यांच्यापुढे कधी सरकवलं गेलं नव्हतं. सरकवलं असतं तर त्यांनी सही केली असती. अश्वजितने २०१४ साली सात ठिकाणी केली होती तशीच, न वाचता.

खालून झोक्याची करकर ऐकू येत होती. बाबूंनी पान उलटं केलं. पाठ कोरी होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सरळ ओळीत, कॅशबुकात लिहायचे तशा अक्षरात, कुणी काय भरलं ते मांडलं. अश्वजित, कर पाच हजार तीनशे चाळीस युरो, त्यावर व्याज सातशे बारा, दंड अजून ठरायचा, नोकरी, अठरातली एक जागा. हर्षा, रोजचे चार तास, घर. धम्मदीपा, झोका. कमला, बांगड्या दोन. मग त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, गजघाटे सुखदेव लहानूजी. पलीकडच्या रकान्यात जमेला घालता येईल असं होतं, अकरा वर्षांचे वाचलेले चार लाख एक्कावन्न हजार. पण हा रकाना भरलेल्याचा होता.

त्यात त्यांच्या नावे काही नव्हतं. रकाना कोरा सोडायचा नसतो, म्हणून त्यांनी आपल्या नावापुढे तिरपी रेघ ओढली, खाली सही केली आणि कागद होता तिथे, होता तसा, परत लावून ठेवला.